हवालदार उठला तरच

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुधाची एक पिशवी जास्त घेतली. धाकटी सामान घेऊन कायमची राहायला आली. सोबत मांजर. शेठचा पिंजरा मधल्या खोलीत हलवला. थोरल्या बहिणीच्या वहीतली त्या रात्रीची नोंद एवढीच.

शेठ म्हणजे राखाडी अंगाचा कॉकटील जातीचा छोटा पोपट, डोक्यावर तुरा आणि गालांवर नारिंगी टिकल्या. हे नाव थोरलीच्या नवऱ्याने ठेवलेलं, लाडही त्यानेच केलेले. तो गेल्यावर शेठ आणि पिंजऱ्याखाली पडून राहणारा म्हातारा कुत्रा हवालदार असे दोघे थोरलीच्या वाट्याला आले. ती दोघांचं दाणापाणी वेळच्या वेळी करायची. मायेने करते का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. नवरा गेला तेव्हाही भेटायला येणाऱ्यांशी ती अशी बोलली होती, जणू फोन बरोबर लागलाय पण साहेब जागेवर नाहीत.

फोन जोडण्यातच तिची हयात गेली होती. मोठ्या हॉस्पिटलचा स्विचबोर्ड ती सांभाळायची. पलीकडचा माणूस बोलायच्या आधी, नुसत्या श्वासावरून कुणाची लाइन आधी जोडायची ते तिला कळे. तिचा कान कधी चुकत नसे.

"ताई, माझी बाईसाहेब माशीसुद्धा मारत नाही हं," मांजराला टोपलीतून काढत धाकटी म्हणाली.

"माशी मी पाळलेली नाही."

हवालदारची नखं कापायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नियम घालून दिले. पिंजऱ्याचा स्टँड भिंतीला पक्का ठोका. मधलं दार कायम बंद हवं. पक्षी बाहेर सोडला की मांजर आणि कुत्रा दोघंही दुसऱ्या खोलीत. "आणि मांजराचं नख किंवा दात नुसता लागला, रक्त आलं नाही, तरी त्याच दिवशी घेऊन या. मांजराच्या तोंडातले जंतू एवढ्याशा जिवाला पुरतात." शिवाय बाईसाहेबांच्या गळ्यात घंटी बांधली, म्हणजे कुठे आहेत ते कळावं.

थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी मधल्या खोलीत घंटी वाजली. थोरली ओल्या हातांनी धावली. बाईसाहेब धाकटीच्या पांघरुणात गाढ झोपल्या होत्या, आणि शेठ तुरा उभारून हुबेहूब घंटीचा आवाज काढत होता.

धाकटीची हसून पुरेवाट झाली. "घ्या! आता घंटी त्याच्याच गळ्यात बांध, ताई."

थोरली हसली नाही. तिने डोळे मिटून दोन्ही आवाज पुन्हा पुन्हा ऐकले. फरक कळेना. कळला तो हवालदारला. शेठने घंटी वाजवली तर तो डोकंही उचलत नसे. खरी वाजली की कान टवकारून उठे. तेव्हापासून थोरली घंटी ऐकली की हवालदारकडे बघायची. तो उठला तरच उठायचं.

एका दुपारी दोघी मटार सोलत बसल्या होत्या. घंटी वाजली. हवालदार थोरलीच्या पाठीमागे होता. मान वळवून बघायचं तिच्याकडून राहिलं.

"शेठ आज खुशीत दिसतायत," धाकटी म्हणाली.

पुन्हा घंटी. मग फरशीवर नखांचा खडखडाट, आणि मालक गेल्यापासून न भुंकलेला हवालदार भुंकला.

कपडे आत नेताना धाकटीने मधलं दार नुसतंच लोटलं होतं. बाईसाहेब पिंजऱ्यावर चढल्या होत्या, एक पंजा पार आत. हवालदार स्टँडवर पुढचे पाय टाकून भुंकत होता. भिंतीला ठोकलेला होता म्हणूनच स्टँड उभा होता. थोरलीने मांजर ओढून काढलं. शेठ तळाशी दबून बसला होता.

धाकटीने वाकून पाहिलं. तिचा जीव भांड्यात पडला. "रक्त नाही गं ताई. पीस गेलंय नुसतं."

थोरली बुटाच्या खोक्याला भोकं पाडत होती. "गाडी बोलव."

"अगं, पण रक्तच नाही तर..."

"गाडी बोलव."

डॉक्टरीणबाईंना पंखाखाली टाचणी टोचावी तशी खूण सापडली. त्यांनी इंजेक्शन दिलं, थेंब लिहून दिले. "लगेच आणलंत हे बरं केलंत. पण आत्ताच काही सांगत नाही."

परत येताना गाडीत धाकटी रडायला लागली. "दार मी उघडं ठेवलं. मला शिव्या तरी घाल! तुला काहीच कसं होत नाही गं?"

थोरलीने खोकं मांडीवर सरळ धरलं. आपल्याला काय होतंय ते तिने चाचपून पाहिलं. बोर्डावर दिवा लागलेला दिसावा, आपण प्लग घालावा आणि पलीकडे कुणीच नसावं, तसं होतं.

"थेंब जेवणाआधी की नंतर, ते चिठ्ठीवर बघ," ती म्हणाली.

घरी आल्याबरोबर धाकटीने मांजराची घंटी सोडून बटणांच्या डब्यात टाकली. तो आवाज तिला ऐकवेना. सुताराने मधल्या दाराला स्प्रिंग बसवली, दार आपोआप लागू लागलं. शेठ जगला. दाणे टिपू लागला, पिसं साफ करू लागला. पण आवाज म्हणून नाही. थोरली थेंब देत राहिली. संपल्यावर बाटली धुऊन ठेवली.

मग एका संध्याकाळी धाकटी बाईसाहेबांना मांडीवर घेऊन बसली होती, दार लागलेलं होतं, आणि आतून घंटी वाजली.

धाकटीचा हात मांजराच्या पाठीवर थांबला. थोरलीने दाराच्या फटीतून पाहिलं. हवालदार पसरला होता तसाच होता. कानही हलला नाही.

"ताई! अगं..."

थोरलीने बोट वर केलं, लाइनवर कुणी बोलत असलं की बोर्डावरून करायची तसं. घंटी पुन्हा वाजली. ती थांबेपर्यंत थोरलीने बोट खाली केलं नाही. नंतर ती उठली, आणि निजायच्या आधी रोजच्यासारखी वहीत लिहून मोकळी झाली.

मधल्या दाराची स्प्रिंग करकरते. बिजागरीत तेल घातलं.