जर्मनीतली कबर आणि पळसाची पानं

मुलुंडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या जर्मन इंजिनियरला मी माझ्या खाणीतून पायाचा दगड पुरवत होतो. दरावरून आमचं रोज वाजायचं. तो सुट्टीवर मायदेशी निघाल्याचं कळलं, तेव्हा मी आपणहून दर उतरवला. तो सावध झाला.

"बदल्यात काय हवंय?"

"माझ्या भावाची कबर बघून ये. फोटो आण."

भाऊ दुसऱ्या महायुद्धात घरातून पळून इंग्रजांच्या पलटणीत गेला होता. आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांच्या हाती लागला आणि त्यांच्या मुलखात कैदेत न्यूमोनियाने गेला. गावाच्या नावासकट सरकारी पत्र आलं होतं. आईने ते मानलं नाही. "कागद म्हणजे माझा मुलगा नाही," म्हणाली. देह हाती नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात, असं भटजींनी सांगितलं. तेही तिने करू दिलं नाही. वडिलांच्या मागे दगड फोडून घर मी वर आणलं, पण रोज पहिलं ताट मांडलं जायचं ते त्याचं. सगळ्यांचं उरकलं की ती ते स्वतः जेवायची.

इंजिनियरने फोटो आणला. चर्चमागचं जुनं कबरस्तान, त्यांच्या माणसांच्या दगडी क्रुसांच्या रांगा आणि अगदी कडेला लाकडी फळीवर भावाचं नाव. पुढ्यात फुलझाडं.

माझं डोकं फिरलं. "आमच्यात पुरत नाहीत! हाडं का नाही आणलीस उकरून?"

"परवानगी नाही मिळत."

"मग ही फुलांची नाटकं कशाला?"

"शेजारी एका बाईच्या नवऱ्याची कबर आहे," तो म्हणाला. "नवऱ्याच्या झाडांना घालून उरलेलं पाणी ती याच्या झाडांना घालते."

घरी येताना खाणीमागच्या टेकडीवरून पळसाच्या पानांचा भारा आणला. फोटो आईपुढे ठेवला.

"आता तरी पटलं? रविवारी भटजींना बोलावतो."

तिने फोटो उजेडाकडे धरला. "फुलं कोणाची रे?"

सांगितलं.

"उरलेलं का होईना, घालतेय ना कोणी. मग जाळायचं कशाला? राहू दे तिथेच."

"आणि मी? इतकी वर्षं या घरात मी काय घातलं ते दिसत नाही तुला?"

एवढं ओरडलो की शेजारीण दारात आली. आई म्हणाली, "तू आहेसच की रे," आणि भारा उचलून आत गेली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात गेलो. त्या पानांच्या तिने पत्रावळी टाचल्या होत्या. पानं वाया कशी घालवायची, एवढंच बोलली. एक माझ्यापुढे मांडून भात वाढला. भावाचं ताट मांडलेलं नव्हतं. ते घासून फळीवर पालथं ठेवलं होतं.

मी जेवलो. आमटीला मीठ होतं की नाही, तेही कळलं नाही. तिने विचारलं, "अजून वाढू?" मी हो म्हणालो.