केळीला फास आणि बांधावरचा नारळ

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस रावेरजवळ माझ्या मामीच्या केळीच्या बागेत एका भुताच्या चित्रपटाचे चार दिवस चित्रीकरण झाले. त्यानंतर नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, माल कापायला आलेल्या टोळीने त्या बागेत पाऊल ठेवायला नकार दिला.

हा माझा सर्वांत आवडता भयपट आहे. नाव देत नाही, देण्यासारखे नाही. मी तो सात वेळा पाहिला, प्रत्येक वेळी जळगावात, पिंप्राळ्यातल्या घरी, मोबाइलवर. थिएटरने तो घेतला नाही, यात थिएटरची चूक दिसत नाही.

कथा अशी: सासरच्या छळाला कंटाळून एक सून केळीला फास घेते आणि भूत होते. केळीला. घड लागला की केळ स्वतःच्या ओझ्याने वाकते, म्हणून तिला बांबूचा टेकू द्यावा लागतो. या तालुक्यात हे शाळेत न गेलेल्यालाही माहीत आहे. मुंबईहून आलेल्या दिग्दर्शकाला माहीत नव्हते. सांगितल्यावर त्याने केळीमागे लोखंडी पाइप रोवला आणि नटीला त्याला अडकवले. शेजारच्या बागेत काम करणारी टोळी जेवणाच्या सुटीत हे बघायला आली आणि पोट धरून हसली. रात्रीचे प्रसंग भर दुपारी घेतले. पडद्यावर अंधार निळा आहे आणि भुताची सावली बाराच्या उन्हातल्यासारखी पायाखाली गोळा झालेली आहे. सून मरते त्या प्रसंगात मागच्या ओळीतून एक कुत्रा शांतपणे चालत जातो. तो अभिनयात सर्वांत उजवा.

माणसे गेली, सामान गेले. एक वस्तू राहिली. सुनेवर करणी होते त्या दृश्यासाठी बाजारातून नारळ, लाल खण, लिंबू, काळी बाहुली आणि हळदकुंकू आणले होते. हे सगळे त्यांनी बागेच्या मधोमध, पाटाच्या बांधावर तसेच सोडले. आदल्या संध्याकाळी घड बघायला आलेल्या टोळीला ते दिसले.

मामा वारल्यानंतर हे मामीचे पहिलेच पीक होते. दिवसकार्य झाल्यावर घरच्या बैठकीत ठरले होते, की एवढे पीक तिने काढून दाखवावे. नाही जमले तर बाग धाकट्या दिराने करायची. घड भरले होते. व्यापाऱ्याचा ट्रक रविवारी येणार होता. कापणी चार दिवस लांबली असती तर केळी झाडावरच पिवळी पडली असती, आणि पिवळा माल ट्रकवाला हात लावून बघतही नाही. दीर सकाळपासून बागेच्या कडेला हजर होता. त्याला कोणी बोलावले नव्हते. मला मामीने बोलावले होते. मी जळगावहून साडेआठला पोचलो.

टोळीचा मुकादम धुळ्याकडचा, बोली अहिराणी. तो मामीसमोर टोपी हातात धरून उभा होता.

“अक्का, आमना बठ्ठा गडी नही म्हंतस. तठे उतारा शे.”

“भाऊ, पिक्चरचं सामान हाये ते. माह्या डोयासमोर ठेवलं त्यायनं.”

“पिक्चर खोटा शे, अक्का. नारय खरा शे ना.”

या युक्तिवादाला बारा प्रौढ माणसांनी माना डोलावल्या. फासाला हसलेली माणसे हीच.

“अन् त्या भुतानं चार दिवस माह्या ओट्यावर बसून डबा खाल्ला, तवा कुठी होते तुमी?” मामी म्हणाली. “लोणचंबी मागून घेतलं तिनं.”

दिराने घसा साफ केला.

“वहिनी, मी तं आधीच सांगत होतो. बाईमानसाचं काम नाही हे. आता भगताले बोलवा. तो बुधवारी येईल.”

“बुधवारी?”

“आधी नाही जमत त्याले.”

भगताचे वेळापत्रक त्याला इतके नेमके कसे माहीत, हे मी विचारायला हवे होते. विचारले नाही.

मामीने पदर खोचला आणि ती ओळीत शिरली. आम्ही मागून गेलो, टोळी सर्वांत मागे. बांधावर ती वाकली तेव्हा मी दोन पावले मागे सरकलो. एवढी वर्षे वर्तमानपत्रात अंधश्रद्धेच्या बातम्या मी आतल्या पानावर लावत आलो आहे.

तिने बाहुली उचलून पाटाच्या पाण्यात टाकली. लिंबू वाळले होते. ते पायाने बाजूला केले. खण झटकून खांद्यावर घेतला. मग पाटाच्या दगडावर नारळ आपटला. दुसऱ्या फटक्याला तो फुटला. पाणी तिने उभ्याने प्यायले. मुकादमाच्या कमरेचा विळा मागून घेतला, खोबऱ्याचा तुकडा काढला आणि आमच्याकडे बघत चावला.

ती खात होती.

“गोड शे का, अक्का?” मुकादमाने शेवटी विचारले.

“जून हाये. चटनीले बरं.” तिने तुकडा पुढे केला. “घ्या. का बुधवारपर्यंत थांबता?”

मुकादमाने घेतला. मग एकेकाने घेतला. दिराला तिने सर्वांत मोठा तुकडा दिला. तो म्हणाला, “मले खोकला हाये.” माझा तुकडा मी खिशात ठेवला.

दिवाळीत चित्रपट थेट मोबाइलवर आला. एकेचाळिसाव्या मिनिटाला कॅमेरा त्या नारळाच्या अगदी जवळ जातो, ढोल वाजतात, नायिका किंचाळते. हे दृश्य मला आवडते. नंतर काय झाले ते मला माहीत असते. मामीला मी फक्त फासाचा प्रसंग दाखवला. तिने मोबाइल लांब धरून पाहिला आणि विचारले, “या केयीले टेकू कोनं देला?” पुढचे तिने पाहिले नाही.

त्या रविवारी कापणी साडेनऊला सुरू झाली. ट्रक चार वाजून वीस मिनिटांनी बागेतून निघाला. सोमवारी मामीने पुढच्या लागवडीची रोपे स्वतःच्या नावावर नोंदवली. नांगरटीला दिराचा ट्रॅक्टर आला. चालवायला दीर स्वतः होता.