तळघराचं फ्रंट एलिव्हेशन

ज्याचं घर बांधून होतं, त्याला घर मिळतं. ज्याचं नुसतं ठरत राहतं, त्याच्याकडे किस्से साचतात! अंबरनाथच्या आमच्या घराखाली एक तळघर होतं. ते नीट करून घ्यायचं इतकं लांबलं, की किस्से ठेवायलाच दुसरं तळघर लागलं असतं.

तळघर आम्ही खणलेलं नव्हतं. आधीच्या मालकाने दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या भीतीने ते करून घेतलं होतं. बाँब आला नाही, पण मालक घर विकून गेला आणि ते आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, घेतलं. वर दोन खोल्या. त्यात आई, दादा, माझे दोघे भाऊ, मी आणि नुकतीच लग्न होऊन आलेली कुसुम. बायकोशी दोन शब्द बोलायचे तर मी "पाणी दे" म्हणायचो. ती तांब्या घेऊन आली की बाकीच्या चौघांनाही नेमकी तहान लागायची!

एक दिवस कुसुम माहेरी बदलापूरला निघाली. पिशवी भरता भरता एवढंच म्हणाली, "दार लागेल अशी एक खोली झाली की निरोप पाठवा. बाकी मला काही नको."

भांडण नाही, रडणं नाही. म्हणूनच तेव्हापासून मला एका जागी बसवेना.

*

मी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होतो. शेजारच्या टेबलावरच्या गुप्त्याला मी तळघराची हकीकत सांगितली, आणि ती आमच्या हेड ड्राफ्ट्समननी ऐकली. हे प्रधानसाहेब. ड्रॉइंग असल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकू न देणारा माणूस.

"दिघे, घाई करायची नाही," ते म्हणाले. "आधी प्लॅन. मग सेक्शन. मग फ्रंट एलिव्हेशन."

"साहेब, तळघराचं फ्रंट एलिव्हेशन?"

"का? तळघर आहे म्हणून सवलत देऊ का?"

जमिनीखालच्या खोलीला समोरून पाहिलं तर दिसणार काय? गुप्त्याने मोठा शीट घेतला, मधोमध एक आडवी रेघ ओढली, खाली माती दाखवायच्या बारीक तिरक्या रेघा मारल्या आणि नेऊन दिला. आम्ही सगळे माना खाली घालून हसू दाबत बसलो. आता फुटणार!

प्रधानसाहेबांनी शीट उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"रेघ जाड झालीय," ते म्हणाले. "परत काढ."

*

घरात वेगळीच तऱ्हा. तळघरात आईच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. मी म्हटलं, "आई, त्या वर आणायला लागतील. खाली आम्ही राहणार."

"मग राहा की," आई म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते? बरण्या तिथेच राहू देत. मी येऊन कैरी काढून नेत जाईन."

"अगं, पण आम्ही दोघं तिथे..."

"इश्श! बरण्यांना काय डोळे असतात?"

बरण्यांना नव्हते. पण कैरी काढायला दिवसातून कितीदा यावं लागेल, हे काही तिने सांगितलं नाही. दादा पेपरात तोंड खुपसून होते. तेवढ्यात धाकट्याने विचारलं, "खाली कॅरम मावेल ना?" मी जेवणावरून उठलो.

*

शेवटी स्वतःच काहीतरी करावं म्हणून एका सुट्टीला उल्हासनगरला गेलो. कॅम्प दोनमध्ये हासूमल म्हणून एक सिंधी गृहस्थ मिलिटरीच्या बराकीतलं जुनं सामान विकायचे. दारं, पत्रे, कड्या, बिजागऱ्या. स्वतः त्याच बराकीत राहायचे. एका लांबलचक खोलीत कितीतरी बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचे पडदे. पडद्याच्या एका बाजूला पापड लाटणं चालू, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी ताप उतरवणं.

मी त्यांच्यासमोर ड्रॉइंग पसरलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"साईं, ये कमरा बनाना है?"

"कमरा आहे. नीट करायचाय."

"पूरा कमरा है? खाली पडा है?"

"हो."

"और आप कागज बना रहे हो?" त्यांनी चष्मा काढला. "साईं, जितने में आपका कागज बना, उतने में हमारी बराक में दो शादी हो गई, एक दुकान खुल गई!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक जाडजूड दार घेतलं आणि हातगाडीवर घालून घरी आणलं. सोमवारी प्रधानसाहेबांना कळलं.

"ओपनिंगचा साइझ ठरला नाही आणि दार आणलंत?" त्यांनी कपाळाला हात लावला. "आता सगळं ड्रॉइंग बदलणं आलं!"

दार अंगणात भिंतीला टेकून उभं राहिलं. आई त्यावर गोधड्या वाळत घालू लागली.

*

दर रविवारी मी बदललेल्या ड्रॉइंगची गुंडाळी बगलेत मारून बदलापूरला जायचो. त्या सुमाराला अंबरनाथजवळ मोरिवलीकडे कारखान्यांसाठी जमिनींची मोजणी चालली होती, त्यामुळे गुंडाळीवाला माणूस दिसला की गावकऱ्यांच्या छातीत धस्स व्हायचं. एकदा एक म्हातारा शेतकरी स्टेशनपासून माझ्या मागे लागला.

"सायेब, आमचं शेत जातं काय?"

"नाही हो बाबा, हे माझ्या घराचं आहे."

"सगले तसंच बोलतान. दाखवा."

सासऱ्यांच्या ओट्यावर मला ड्रॉइंग उलगडून दाखवावं लागलं. ही जमीन, ही तिच्याखालची खोली. म्हाताऱ्याने त्या रेघेवर बोट फिरवलं आणि हात जोडले.

"खालचं काय पायजे तं न्या, सायेब. वरचं तेवढं आमाला ठेवा!"

आत कुसुम हसली. कितीतरी दिवसांनी तिचं हसणं ऐकलं आणि मला तिथून उठवेना.

*

कुसुम ड्रॉइंग नीट बघायची, हं. उगीच नाकं मुरडायची नाही. एकदा म्हणाली, "यात कपाट आहे, पलंग आहे, उजेडाला झरोका आहे. माणूस कुठाय?"

हे मी ऑफिसात सांगितलं. प्रधानसाहेब खूश! "बाईंना दृष्टी आहे. उंची कळायला माणूस पाहिजेच."

आमच्याकडे माणसाचा नमुना एकच होता. मोठ्या मशीनशेजारी उभा करायचा, हॅट घातलेला साहेब. गुप्त्याने तोच छापला. पुढच्या रविवारी कुसुमने गुंडाळी उघडली, तर पलंगाशेजारी हॅटवाला, खिशात हात घालून!

ती मला म्हणाली, "मी बदलापुरात, तुम्ही ओट्यावर, आणि आपल्या खोलीत हा! निदान हॅट तरी काढायला सांगा त्याला."

परतताना मला हसूही येत होतं आणि रडूही. खरं सांगतो, त्या हॅटवाल्याचा मला मनापासून हेवा वाटला.

*

आणि एकदाचं ते ड्रॉइंग फायनल झालं! प्रधानसाहेबांनी स्वतः, काळ्या शाईने, ट्रेसिंग क्लॉथवर काढलं. हे कापड म्हणजे तलम सुती, त्याला कडक खळ. शेवटचं, कायम ठेवायचं ड्रॉइंग तेवढं त्याच्यावर काढतात. मोठा थोरला तुकडा, कोपऱ्यात त्यांची लफ्फेदार सही.

कुसुमने ते हातात घेतलं. प्लॅनकडे पाहिलंच नाही. कोपरा चिमटीत धरून चोळला.

"हे कापड आहे?"

"हो. खळीचं."

"धुतलं की मऊ होत असेल," ती म्हणाली आणि पिशवी भरायला लागली. "मी येते. आमचा सुतारही येईल."

सुताराने संध्याकाळच्या आत दार बसवलं. बरण्या कुसुमने एकेक करून वर आणल्या आणि आईसमोर ओळीने मांडल्या. कुसुम खाली गेली, मी गेलो, दार लागलं. वरून धाकटा ओरडला, "वहिनी, कॅरम?" आम्ही दोघं तोंडावर हात दाबून हसत बसलो. प्लॅनमधलं कपाट, झरोका, काही म्हणजे काही झालं नाही.

पुढे आमच्या मुलीच्या बारशाला सगळं ड्रॉइंग ऑफिस आलं. प्रधानसाहेबांनी मुलीला हातात घेतलं. मऊसूत पांढरं झबलं. साहेबांनी तिला जरा उजेडाकडे धरलं आणि डोळे बारीक केले. काळी शाई, कितीही उकळली तरी पुरती जात नाही.

पोटावर पलंग होता. खांद्यावर उत्तर दिशा. साहेबांचं बोट झबल्यावरून सावकाश फिरलं. मुलगी बोळकं पसरून हसत होती. त्यांनी तिला अलगद पालथी केली, पाठ तपासली, परत सुलटी केली.

"जिना कुठाय?" त्यांनी विचारलं.

कुसुम पदर सावरत पुढे आली.

"तो लंगोटाला लागला, साहेब. आत्ताच ओला केलाय. वाळला की दाखवते."