वाकळीखालचे 'हस्ते'

बेळगावच्या कचेरीच्या आवारात चिंचेखाली माझी अर्ज लिहिण्याची बैठक होती. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. तरी माझा मसुदा वाचून पदवीधर वकिलांनी मान डोलावलेली मी स्वतः पाहिली आहे. ज्या एका शब्दाने माझ्या थोरल्या बहिणीचा भरबागेत अपमान झाला, तो मी अज्ञानाने लिहिला नव्हता, हे आधी नमूद व्हावे म्हणून सांगतो.

तो शब्द 'हस्ते'. अर्ज एकाचा असतो, अक्षर दुसऱ्याचे. म्हणून अर्जदाराच्या अंगठ्याखाली लिहिणाऱ्याने 'हस्ते' असे लिहून आपले नाव घालावे, हा आमच्या धंद्यातला दंडक. अक्षर माझे, बाकी सर्व त्याचे, एवढीच त्यात कबुली असते. कचेरीतला शिपाईसुद्धा हे जाणतो.

आक्का निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सुट्टीच्या दिवशी ती वाकळ शिवायची. जुनी लुगडी, विरलेली धोतरे एकावर एक अंथरायची आणि काठापासून आत, चौकोनातून चौकोन काढत, टाका घालत मधोमध पोहोचायची. अशी एक वाकळ तिने मला दिली होती. तिची चौघडी करून मी सहा वर्षे तिच्यावर बसलो. त्यात मला कधी काही वावगे वाटले नाही, हेही नमूद करतो.

सत्तरचे दशक सरत आले असताना एक बाई प्रतिज्ञापत्र करून घ्यायला आल्या. मजकूर सांगता सांगता त्यांची नजर माझ्या बुडाखाली गेली.

"जरा उठता का? अहो, हे तर फायबर आर्ट आहे. बसता काय यावर?"

कॅम्पातल्या एका बंगल्याच्या बागेत त्यांच्या मंडळाचे प्रदर्शन भरणार होते. त्यांनी इंग्रजी आणि कानडीत छापलेला फॉर्म दिला. मराठीत भरला तरी चालेल, असे उपकार केल्यासारखे सांगितले.

फॉर्म घेऊन मी निपाणीला गेलो. अंगठ्याला शाई लावण्याआधी आक्काने विचारले, "माझं नाव लावत्यात न्हवं रं?"

"लावणार. मोठ्या अक्षरात."

"हजेरीवर एक नाव हाय, रेशनकार्डावर दुसरंच. खरं हाय ते लाव म्हणावं. एकदा तरी."

अर्जदार म्हणून मी तिचे खरे, पूर्ण नाव लिहिले. शेजारी अंगठा घेतला. खाली सवयीने 'हस्ते' लिहून माझे नाव घातले.

प्रदर्शनाच्या दिवशी ती ठेवणीतले इरकल नेसून पहिल्या बसने आली. गुलाबाच्या वाफ्यांपलीकडे कॉलेजच्या मुलींनी सुतळीला गाठी मारून केलेली घुबडे टांगली होती. आक्का थांबली. "ह्ये पांघरायचं कसं?"

पुढे दोन झाडांमध्ये दोरी बांधून तिची वाकळ उभी लावली होती. आक्का बराच वेळ बघत राहिली.

"उभी कदी बघितलीच न्हवती मी हिला," ती म्हणाली. मग काठाला टाचलेल्या कार्डाकडे बोट केले. "वाच की."

कार्ड इंग्रजीत होते. माझे इंग्रजी बेताचे. परंतु स्वतःचे नाव मला कोणत्याही लिपीत ओळखता येते. कार्डावर तेवढे एकच नाव होते.

"काय झालं? चुकीवलं व्हय नाव?"

तेवढ्यात त्या बाई दोन पाहुण्यांना घेऊन आल्या. "हेच ते कलाकार. पुरुष असून किती नाजूक टाका, बघा."

मी म्हणालो, "बाई, ही वाकळ हिने शिवली. माझा यात एकही टाका नाही."

"पण तुम्हीच तर लिहिलंय, हस्ते म्हणून. हस्ते म्हणजे हातानं केलेली. या अर्जदार, म्हणजे वाकळीच्या मालक."

मी 'हस्ते' या शब्दाचा अर्थ सांगू लागलो. पाहुणे घुबडांकडे सरकले. बाईंनी घड्याळ पाहिले आणि म्हणाल्या, "आता कार्ड कसं बदलणार? लेखी अर्ज द्या. समितीपुढे ठेवते."

ज्याने अर्ध्या तालुक्याचे अर्ज लिहिले, त्याला अर्ज द्यायला सांगितले. बंगल्याच्या पायरीवर बसून मी तिथल्या तिथे मसुदा उतरवला आणि शाईची डबी उघडून आक्कापुढे धरली. तिने हात पदराखाली घेतले.

"परत अंगठा? खाली परत तुजंच नाव घालशील."

ती उठली, दोरीच्या गाठी सोडल्या आणि वाकळीची घडी घालू लागली. बाई धावत आल्या. "अहो, प्रदर्शन तीन दिवस आहे. असं मध्येच नेता येत नाही."

"मालक मीच हाय न्हवं? तुमीच म्हणालासा."

वाकळ काखेत मारून ती बसस्टँडकडे चालू लागली.

तिला बसमध्ये बसवून मी बंगल्यावर परत आलो आणि स्वतःच्या नावाने तीन पानी अर्ज दिला. त्यात त्या मंडळाची विद्वत्ता कोणत्या दर्जाची आहे, ते पुराव्यासह मांडले. शेवटच्या दिवशी पाहायला गेलो, तर अर्ज मंजूर झाला होता. दोन झाडांमधल्या मोकळ्या दोरीवर नवे कार्ड लटकत होते. आक्काचे नाव, खरे आणि पूर्ण. माझा संताप पहिल्या दिवसापेक्षा वाढला. शब्द दुरुस्त झाला म्हणजे प्रकरण मिटले, असा त्यांचा समज होता; वाकळ कुठे गेली, हे एकानेही विचारले नाही. मी कार्ड ओढून काढले.

पुढच्या सुट्टीला निपाणीला गेलो. आक्का दारात वाकळ उन्हाला टाकत होती. मी कार्ड तिच्या हातात दिले. तिने ते उलटसुलट केले.

"काय लिवलंय?"

"तुझं नाव. खरं."

तिने माझ्याकडे पाहिले. "तू म्हंतूस तर असंल," ती म्हणाली, आणि कार्ड माझ्याच हातात परत दिले.

वाकळ मात्र तिने परत दिली नाही. मीही मागितली नाही. बैठकीवर तेव्हापासून पोते आहे, आणि 'हस्ते' लिहिताना अजून माझा टाक कागदात रुततो.