आमच्यात ती मेली नाही

आमच्या घरात ‘आमच्यात’ या शब्दापुढे कुणाचं काही चालत नसे. आमच्यात सुना ओटीवर बसत नाहीत, असं वडील म्हणाले की विषय संपला. आई हा शब्द कधी वापरत नसे. ती पडली बाहेरून आलेली. तिकोणा पेठ गावात आमचं शेत आणि किल्ल्याच्या वाटेवर दादाची सरबताची टपरी. दादाने लोणावळ्याच्या एका हॉटेलातून जुना व्हिडिओ गेम विकत आणला, आणि तो हा शब्द टीव्हीपुढेही वापरायला लागला.

गेम तलवारींचा, तीन भागांचा. पहिल्या भागात आपल्या बाजूने एक तिरंदाज बाई लढते. तोंडाने फटकळ, नेम अचूक. मला ती माझीच वाटायची. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच एक जण तिचा गळा चिरतो आणि हातात रिमोट असून आपल्याला काही करता येत नाही. बर्फावर रक्त पसरलं. मी रडले नाही, संतापले. दादा शांतपणे म्हणाला, "आमच्यात ती मेली न्हाई."

मग आम्ही तसंच खेळलो. बर्फातलं प्रेत भलत्याच कुणाचं, बाई जखमी होऊन डोंगरात गेली, असं ठरलं. तिच्या वाट्याचे बाण आम्ही कधी विकले नाहीत. तिसऱ्या भागात तिची समाधी लागते. दादा घोडा बाजूने काढायचा. पुढे तो गळा चिरणाराच आपल्याला येऊन मिळतो आणि गेमची इच्छा असते की आपण त्याला माफ करावं. आम्ही दर वेळी त्याचं मुंडकं उडवलं. त्यापायी एक अख्खा किल्ला हातचा जायचा. गेला तर गेला.

माझं लग्न तळेगावात झालं. नवरा मारायचा. आधी हाताने, मग पट्ट्याने, आणि शेवटी कुकरच्या झाकणाने. त्यात माझा दात पडला. तो रुमालात बांधून मी माहेरी आले. आईने हळद लावली. वडील म्हणाले, आमच्यात पोरी अशा माघारी येत नाहीत, चार दिवस राहा आणि जा.

नवरा न्यायला आला. मी अंगणात उभी राहून येत नाही म्हणाले, तर त्याने वडिलांदेखत माझ्या झिंज्या धरून ओढलं. आई तिथेच पाट्यावर चटणी वाटत होती. मी वरवंटा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तो पडल्यावर आणखी एक घातला, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

वडील माझ्याकडे बघून म्हणाले, "आजपास्नं आमच्यात ही मेली."

दादा नुकताच टपरीवरून आला होता. जन्मात त्याने वडिलांना उलट उत्तर दिलं नव्हतं. तो आमच्या मधे येऊन उभा राहिला.

"आमच्यात न्हाई मेली, आबा."

आणि त्याने वरवंट्यासाठी माझ्यापुढे हात केला. गेममध्ये यापुढे काय करायचं असतं हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. नवरा मातीत पडून विव्हळत होता. माझा हात पुढे झालाही असता, पण मग तुरुंगात दादा गेला असता. मी वरवंटा आईकडे दिला.

शेजाऱ्यांनी नवऱ्याला उचलून रिक्षात घातलं. आईने वरवंटा धुतला, पुन्हा पाट्याशी बसली आणि वडिलांकडे न बघता म्हणाली, "आमच्यात आता चार ताटं लागत्याल."