मुलीची शिष्यवृत्ती आणि नवऱ्याचं नाव

मुलीला नाशिकच्या नर्सिंग कॉलेजात जागा लागली तेव्हा पेढे वाटायचं काम मी माझ्या आईवर सोपवलं आणि स्वतः कागद घेऊन बसले. शिष्यवृत्ती मिळाली तर फी सरकार भरणार होतं, राहण्या-जेवणालाही हातभार लागणार होता. अर्ज मुदतीत गेला नाही तर पहिल्या वर्षाची फी आम्ही भरायची, आणि ती आम्हाला झेपणारी नव्हती. मग जागा दुसऱ्या कोणाला गेली असती. गोष्ट एवढी सरळ होती.

मी अंगणवाडीत काम करते. मुलांची वजनं, हजेरी, लसी, खाऊ, सगळ्याची नोंद ठेवायची सवय अंगात मुरलेली आहे. कोणता कागद कुठे मिळतो, कोणाकडे सकाळी जावं आणि कोणाकडे जेवणानंतर, हे मी आधी लिहून काढलं. जात पडताळणीची चिंता नव्हती. ते काम आश्रमशाळेतल्या सरांनी मुलगी बारावीत असतानाच मागे लागून करून घेतलं होतं. त्या वेळी मला सर उगाच घाई करतायत असं वाटायचं. आता कॉलेजच्या खिडकीशी बाकीचे पालक त्याच दाखल्यासाठी रडकुंडीला आलेले पाहिले, की मी मनातल्या मनात सरांना नमस्कार करते.

उरला उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी मी कासा गावच्या बाजारातून झेरॉक्स काढून आमच्या तलाठ्यांकडे गेले. त्यांनी आमचं रेशन कार्ड उघडलं, त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यात तुमची आई आहे, तुम्ही आहात, मुलगी आहे. मुलीचे वडील कुठायत?"

ते बाहेर मोटारसायकलवर बसले होते. पण कार्डात नव्हते, आणि ते मला लग्नापासून माहीत होतं.

मी आईबापांची एकुलती. आमच्याकडे अशा घरात जावई राहायला येतो, सासऱ्याचं शेत कसतो, त्यात कोणी कमीपणा मानत नाही. माझा नवरा असाच आला. भात, नागली, पावसाळा सरल्यावर गवंडीकाम, सगळं त्याने आमच्याच पाड्यावर राहून केलं. फक्त नाव तेवढं तलासरीकडच्या त्याच्या घरच्या कार्डात राहिलं. लग्नानंतर त्याचे वडील वारले आणि थोरल्या भावाने त्यांचं नाव कार्डातून कापून आणलं. तेव्हा सासूबाई कोपऱ्यात तोंड फिरवून बसल्या, आणि मी जिती असेपर्यंत या कार्डातलं आता एकही नाव कापायचं नाय, असं त्यांनी सांगून टाकलं. आम्ही दोघांनी तो विषय पुन्हा काढला नाही. तशी गरजही पडली नव्हती. मुलगी आश्रमशाळेत राहून शिकत होती, आमच्या कार्डात वडील आहेत की नाहीत हे कोणी विचारलं नाही.

तलाठी भला माणूस. नियम समजावून सांगितला, चिडचिड केली नाही. तलासरीच्या कार्डातलं नाव कमी करून आणा, इथे चढवा, मी दुसऱ्या दिवशी अहवाल देतो, म्हणाले. आणि त्या कार्डाच्या कुटुंबप्रमुख सासूबाई होत्या. अंगठा त्यांचाच लागणार होता.

घरी येऊन अंगणात गाडी लावल्यावर नवरा म्हणाला, "बाकीची सगळी ऑफिसं तू कर. हे माझ्याच्याने नाय होणार."

"माझ्याने होईल असं तुला वाटतं?"

"तुझं ती ऐकून तरी घेईल. माझ्याकडे नुसती बघेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. तो पुढे, मुलगी मध्ये, मी मागे. विवळवेढ्याला देवीच्या कमानीसमोर त्याने एक हात सोडून नमस्कार केला, आणि ट्रकच्या गर्दीत असं करू नकोस म्हणून मी त्याला रोजच्यासारखं बोलले. सासूबाईंपुढे काय काय मांडायचं ते मी वाटेत मनाशी जुळवून ठेवलं होतं. मुदत, फी, मुलीचे गुण, सगळं क्रमाने.

त्यातलं काही सांगायची वेळच आली नाही. थोरल्या दिरांनी दारातच सगळं ऐकलं आणि धाकट्या भावाची फिरकी घ्यायला सुरुवात केली. "तुझ्या सासऱ्याने बैलाऐवजी तुला नेला तेव्हाच मी बोललो होतो, नाव पण बरोबर ने म्हणून. इतकी वर्षं तू भात खातोस तिकडचा आणि तुझा रेशनचा तांदूळ आम्ही खातो." मग माझ्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाले, "तांदूळ जाईल त्याचं काय नाय, बाय. आई नाय ऐकायची."

सासूबाई नागली पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. पाखडता पाखडता त्यांनी नातीला विचारलं, तू नेमकं काय शिकणार. मुलीने सांगितलं. आजारी माणसाला औषध द्यायचं, जखम बांधायची, बाळंतिणीला बघायचं.

"सुई टोचायची?"

"टोचायची पण."

"मला टोचशील?"

"गरज पडली तर टोचीन, आजी. रडायचं नाही मात्र."

दीर हसले. सासूबाई हसल्या नाहीत. सूप झटकून म्हणाल्या, "ऑफिसात मी येते. कोण कापतो ते मला बघायचंय. अंगठा देईन असं मी बोलली नाय."

तलासरी तहसीलच्या पुरवठा शाखेत त्या दिवशी एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या असतील. समोर गर्दी होती, पंखा बंद होता, तरी त्यांनी सासूबाईंना आधी बाकावर बसवलं, पाणी दिलं, मग अर्ज पुढ्यात घेतला. आमच्याकडचे सगळे कागद मी त्यांना हव्या त्याच क्रमाने लावून दिले. त्या भराभर लिहीत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"नाव कमी करण्याचं कारण काय लिहू?"

सासूबाईंनी मान वर केली. "तिथे मयत लिहितात."

"मयत माणसाचं मयत लिहितात, आजी. तुमचा मुलगा तर इथे घाम पुसतोय."

नवरा पुढे झाला आणि म्हणाला, स्थलांतर लिहा. त्या लिहिणार तोच सासूबाईंनी टेबलावर हात ठेवला.

"स्थलांतर नाय. वीटभट्टीवर जातात ते स्थलांतर. ते होळीला घरी येतात. हा कुठे राहायला आला परत?" त्या बाई पेन धरून थांबल्या. आता सासूबाई उठून जाणार आणि पुढच्या बसने घर गाठणार अशी माझी खात्री झाली.

सासूबाईंनी त्या बाईंना विचारलं, "पोरींचं काय लिहिता? लग्न होऊन जातात त्यांचं?"

"विवाह."

"माझ्या तीन पोरींची नावं याच कार्डातनं कापली. ती बापाच्या आधी कापली, तेव्हा मी रडली नाय. पोरगी जाणारच." त्यांनी मुलाकडे एकदा नीट पाहिलं. "हा पण तसाच गेला. विवाह लिही, बाय."

मागे रांगेतला एक म्हातारा खोकल्यासारखं हसला. सोबत आलेले दीर तर भिंतीकडे तोंड करून हसत होते. माझा नवरा लाजला, खरोखर लाजला, नव्या नवरीला शोभेल असा. त्या बाईंनी मात्र चेहरा सरळ ठेवून 'विवाह' लिहिलं. सासूबाईंनी अंगठा दिला आणि बोट पदराला पुसलं.

बाहेर आल्यावर मी घड्याळाकडे बघत होते, कारण जेवणाच्या सुट्टीआधी आमचं तालुक्याचं गाव डहाणू गाठलं तर नाव चढवायचा अर्ज त्याच दिवशी देता आला असता. पण सासूबाई जीपच्या थांब्याकडे न जाता बाजाराकडे वळल्या. पोर दिली तर रिकामी पाठवत नाय, एवढंच म्हणाल्या. भांड्यांच्या दुकानात त्यांनी स्टीलचा हंडा वाजवून वाजवून पारखला, दुकानदाराशी अर्ध्या गुजरातीत घासाघीस केली, हंड्यात तांदूळ भरून घेतले, वर एक टॉवेल ठेवला आणि तो मुलाच्या हातात दिला. ज्या वयात त्याचे केस कानापाशी पांढरे झालेत त्या वयात त्याची पाठवणी झाली. दुकानदाराला वाटलं हंडा नातीच्या लग्नाचा.

मोटारसायकलवर तीन माणसं आणि हंडा बसेना. मुलगी आणि मी हंडा घेऊन जीपने निघालो. जीपमध्ये एका बाईने विचारलं, कोणाचं लग्न. मुलगी म्हणाली, बाबांचं. त्यानंतर चारोटीपर्यंत कोणी आम्हाला काही विचारलं नाही.

डहाणूला नाव चढलं. तलाठ्यांनी शब्द पाळला, दाखला मिळाला आणि अर्ज मुदतीच्या आत गेला. कॉलेजने अर्जाची पावती मान्य करून मुलीला वर्गात बसू दिलं. पैसे यायला वेळ लागला, तो लागतोच. मध्यंतरी खानावळीचे पैसे माझ्या मानधनातून आणि नवऱ्याच्या मजुरीतून गेले. मग एका सकाळी मुलीचा फोन आला, जमा झाले म्हणून. मी अंगणवाडीत होते, समोर मुलं खिचडीला बसली होती. मी तिला म्हटलं, बरं, आता खानावळीची बाकी भर आणि पावती जपून ठेव. फोन ठेवल्यावर मात्र मला थोडा वेळ वाढता येईना. मदतनीस बाईंनी माझ्या हातातला डाव घेतला.

हे सगळं सरकारी पैशाने झालं हे खरं, आणि तो पैसा आहे म्हणून आमच्या पाड्यावरची मुलगी आज वॉर्डात उभी राहायला शिकते आहे. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, अगदी हिशोबी मनाने कृतज्ञ आहे. पण तो पैसा आमच्यापर्यंत यायला वाटेत जी माणसं लागली, ती कुठल्या योजनेत बसत नाहीत. सर, तलाठी, पंख्याविना बसलेल्या त्या बाई. आणि सासूबाई, ज्यांनी मुलीसाठी मुलगा दिला.

दिवाळीत मुलगी सुट्टीवर आली होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी अंगणात गाडीचा आवाज आला. थोरले दीर होते. चपलाही न काढता ओट्यावर बसले आणि माझ्या आईला मोठ्या आदराने म्हणाले, "आमच्या पोरीला चार दिवस माहेरी न्यायला आलोय. पाठवताय ना?"

नवरा आतून बाहेर आला, भावाला एक शिवी हासडली आणि भात झोडायचा राहिलाय म्हणाला. भात मी बघते, तू जा, असं मी सांगितलं. मुलगीही आजीला भेटायला निघाली. मी त्याचे दोन सदरे घडी करून पिशवीत भरले आणि दिरांना चहा टाकला.