मास्तरांनी दोनदा बदललेल्या स्प्रिंगा

कोणतीही वस्तू दिसली की आमचे ड्रॉइंगमास्तर आधी ती दाबून बघत. दोन्ही तळवे टेकवायचे, अंगाचा भार टाकायचा, मग हात सोडून ती वर कशी येते ते मान तिरकी करून पाहायचं. खुर्ची, खाट, गादी, कोणाच्या घरी आलेला नवा कोच. एकदा तर गल्लीत सभेसाठी उभारलेल्या व्यासपीठाची फळीसुद्धा, आणि तीही वक्ते वर उभे असताना. कोणी हसलं की म्हणत, "दाबून बघितल्याशिवाय काही खरं नाही." तुम्ही तिथे असता तर तुम्हीही हसला असता, मुलांनो. आम्ही सगळेच हसत होतो.

गिरगावातल्या आमच्या चाळीत ते समोरच्या खोलीत राहत. दादरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत आणि रोज मोटारसायकलने जात. ही गाडी त्यांनी लष्कराच्या लिलावातून आणली होती. तिच्या बाजूला सायडकार जोडलेली होती, म्हणजे एका माणसापुरती, होडीसारखी बैठक आणि तिला स्वतःचं एक चाक. मास्तरीणबाई मात्र तिच्यात कधी बसल्या नाहीत. "तुम्ही दाबत बसा, मी चालत येते," असं म्हणून त्या खरोखरच चालत जात.

त्यांचं काही चुकत नव्हतं. पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ज्या नळ्या असतात, त्यांतल्या स्प्रिंगा पार दमल्या होत्या. ब्रेक लावला की गाडी वाकून नमस्कार करी आणि आतून 'खट्ट' असा आवाज येई. त्या आवाजावरून मास्तर घरी आल्याचं आम्हाला तिसऱ्या मजल्यावर कळे. मास्तरांना तो कधीच ऐकू आला नाही. आपल्या माणसाचं घोरणं जसं सवयीनं ऐकू येत नाही, तसंच ते.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. तुमचे आजोबा सत्याग्रहात पकडले जाऊन ठाण्याच्या तुरुंगात होते आणि इकडे माझे दिवस भरत आले होते. याआधीची माझी दोन मुलं पोटातच गेली होती. परळच्या डॉक्टरीणबाईंनी मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. कळा सुरू झाल्या की सुईणीची वाट न बघता तडक दवाखान्यात यायचं, आणि वाटेत धक्के बसू द्यायचे नाहीत. पण त्या दिवसांत हरताळ कधी पुकारला जाईल याचा नेम नव्हता. ट्राम बंद, बस बंद. काचा फुटतील म्हणून टॅक्सीवाले गाडीच बाहेर काढत नसत. मी रोज गॅलरीतून रस्त्याकडे बघायची आणि परळ किती लांब आहे याचा विचार करायची.

एका संध्याकाळी मास्तर आमच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता सासूबाईंना म्हणाले, "काकू, वेळ आली तर वहिनींना मी नेईन. फक्त आधी स्प्रिंगा बदलतो."

लालबागला गिरण्यांच्या आसपास हव्या तशा स्प्रिंगा वळून देणारी दुकानं होती. तिथून त्यांनी चांगल्या जाड तारेच्या आणल्या. गाडीचं वाकणं थांबलं, 'खट्ट'ही गेलं. आता चाचणी घ्यायची होती. पण नवरा तुरुंगात असताना सुनेनं मास्तरांच्या गाडीतून फेरफटका मारायचा, हे सुचवण्याची चाळीत कोणाची छाती नव्हती. माझं वजन विचारणं तर त्याहून अशक्य. तेव्हा सर्वानुमते माझ्या जागी तांदळाचं पोतं बसवण्यात आलं. मास्तर त्या पोत्याला घेऊन रोज भायखळ्यापर्यंत जात आणि परत आले की खालूनच सांगत, "उत्तम! पोतं जागचं हललं नाही." अख्खी चाळ निश्चिंत झाली.

फक्त सासूबाई झाल्या नाहीत. "पोतं कधी बोललंय का?" असं म्हणून त्यांनी पोतं उतरवायला लावलं आणि स्वतः आत बसल्या.

परत आल्या तेव्हा अंबाडा सुटलेला, चष्मा हातात. जिना चढून वर आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि मग मागोमाग आलेल्या मास्तरांना शांतपणे म्हणाल्या, "हिला यात बसवलंत तर मूल ग्रँट रोडलाच होईल."

मास्तर तसेच खाली गेले. आम्ही वरून बघत होतो. त्यांनी हँडलवर दोन्ही तळवे टेकवले, सगळा भार टाकला. गाडी जेमतेम बोटभर खाली गेली. इतके दिवस सगळ्या जगाच्या खुर्च्या दाबणाऱ्या या माणसानं स्वतःच्या नव्या स्प्रिंगा दाबून बघितल्याच नव्हत्या. जाड तार म्हणजे चांगली, एवढ्यावर ते थांबले होते. आधीची गाडी प्रत्येकापुढे वाकत होती, ही कोणापुढेच वाकत नव्हती. बसणाऱ्याला दोन्हींचा त्रास सारखाच.

ते पुन्हा लालबागला गेले. या खेपेस तार जरा बारीक घेतली आणि वेटोळी एका टोकाला जवळजवळ, दुसऱ्या टोकाला लांब लांब ठेवून घेतली. नळ्यांतलं तेलही बदलून दाट घातलं. सासूबाईंना समजावताना त्यांनी आमच्या फरशीवर खडूनं चित्रच काढलं. लहान धक्का जवळच्या वेटोळ्यांनी गिळायचा, मोठा आला तर बाकीच्यांनी तोलून धरायचा, आणि दाबलेली स्प्रिंग तेलामुळे उसळत नाही, सावकाश वर येते. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे घरात जसं मोठ्यांनी वागायचं असतं तसं. चला, बसून बघते."

मग रोज त्याच बसू लागल्या. आमटीची चव सांगावी तसा निकाल देत: आज जरा कडक, आज बरं, आज वळणावर पोटात गोळा आला. मास्तर त्याप्रमाणे तेल कमीजास्त करत. शेवटी एके दिवशी त्या म्हणाल्या, "आज मला भायखळ्याच्या पुलावर डुलकी लागली." मास्तरांनी हात जोडले. स्प्रिंगा पास झाल्या.

माझ्या कळा सुरू झाल्या त्या नेमक्या हरताळाच्या सकाळी. मी सायडकारमध्ये, मास्तरांच्या मागे सीटवर काष्टा सावरून दोन्हीकडे पाय टाकून बसलेल्या सासूबाई. असे आम्ही निघालो. रस्ते ओस पडले होते. ट्रामच्या रुळांवर दगड आणि काचा पसरलेल्या. एका चौकात पोलिसानं अडवलं आणि कुठे निघालात म्हणून विचारलं. सासूबाईंनी फक्त माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानं स्वतः वाकून वाटेतले दोन दगड बाजूला केले.

लालबागच्या अलीकडे कोणीतरी गल्लीतून एक रिकामं पिंप रस्त्यावर ढकललं. ते गडगडत थेट आमच्या पुढे आलं आणि मास्तरांनी कचकन ब्रेक लावला. मी पोटावर हात घट्ट धरून डोळे मिटले आणि त्या जुन्या 'खट्ट'ची वाट पाहू लागले.

आवाज आला नाही. गाडीचं नाक खाली गेलं, लाटेवर होडी जाते तसं, आणि सावकाश वर आलं. मी डोळे उघडले तेव्हा पिंप गटाराकडे गडगडत चाललं होतं.

"वहिनी?" मास्तर सायडकारकडे वाकले.

"चला," मी म्हटलं.

दुपारच्या आत तुमची आई जन्मली. रडली ती अशी की बाहेर बाकावर बसलेल्या मास्तरांना वेगळं सांगावं लागलं नाही. सासूबाई सांगत की ते बराच वेळ रुमालात तोंड लपवून बसले होते, आणि मग उठून त्यांनी तो बाक दाबून बघितला.

बारशाला आले तेव्हा पाळण्यातली गादी दाबून झाली. वर कशी येते ते बघून त्यांनी मान डोलावली, मगच मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. पुढच्या रविवारी मास्तरीणबाई पहिल्यांदा सायडकारमध्ये बसल्या. चौपाटीपर्यंतच गेल्या, पण परत येताना डोक्यावरचा पदर सुटलेला होता आणि तो त्यांनी सावरला नव्हता.

मास्तर गेले त्यालाही आता खूप वर्षं झाली. ते गेल्यावर माटुंग्याचा एक तरुण गाडी विकत घ्यायला आला. मास्तरीणबाई आणि मी, आम्ही दोघी खाली उतरलो. त्यानं दिवा बघितला, टायर बघितले, इंजिन चालू करून ऐकलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मास्तरीणबाईंनी किल्ली मुठीतच ठेवली.

"दाबून बघा आधी," त्या म्हणाल्या. "दाबून बघितल्याशिवाय काही खरं नाही."

त्याला काही समजलं नाही, पण त्यानं हँडलवर तळवे टेकवून भार टाकला. गाडी खाली गेली. आम्ही दोघी माना तिरक्या करून बघत राहिलो. ती सावकाश वर आली.